सुपातला पाऊस

आमच्या झाडीपट्टीत एक गोष्ट अजून सांगतात. सरकारी सिनेमाच्या गाडीवर म्हणे एक वाघवाला भाऊ होता. त्याने पडद्यामागे बसून वाघाची अशी डरकाळी काढली की अख्खं गाव पळालं, बैल दावी तोडून सुटले, एका म्हाताऱ्याचा पाय मोडला आणि वाघवाल्याची नोकरी गेली. धान निघाल्यावर गावोगाव नाटकं होतात, त्यांत हा प्रसंग मध्येच नकलेसारखा घालतात. लोक पोट धरून हसतात. लग्नाकार्यात कोणी आग्रह केला तर मीही ही गोष्ट सांगत आलो आहे, आणि बरी सांगतो.

मागच्या महिन्यात एक तरुण प्राध्यापक घरी आला. जुन्या लोकनाट्यातल्या माणसांची माहिती गोळा करतो. त्याने वही उघडून विचारलं, "आजोबा, तुम्ही त्या गाडीवर होता ना? वाघवाल्या भाऊंची गोष्ट खरी आहे का?"

मी सवयीने म्हणालो, "खरी आहे."

त्याने लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेला. दोन दिवसांनी मी त्याला निरोप पाठवला की तो कागद फाडून टाका, मी दुसरा लिहून देतो. तो हा.

भाऊंनी आयुष्यात वाघाचा आवाज कधीही काढला नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण माझ्या वयाला पुढचं पान लिहून होईलच याचा भरवसा नसतो.

जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली हा त्यातलाच एक तालुका. मी तेवीस वर्षांचा, नागपूरकडून आलेला, अंगात नवा कोट. माझं काम गाडीबरोबर फिरायचं आणि पडद्याशेजारी उभं राहून कर्ण्यातून लोकांना समजावून सांगायचं. मच्छर कसा चावतो, धान ओळीत कसं लावायचं, देशात कुठे कोणतं धरण होतं आहे. गाडीवर ड्रायव्हर एक, मशीन चालवणारा एक, मी एक आणि मदतनीस म्हणून भाऊ. कागदावर भाऊंचं काम बांबू रोवायचे, पडदा ताणायचा आणि गाडी चिखलात रुतली की ढकलायची.

मशीन बोलकं होतं, पण पहिल्याच पावसाळ्यात धानोऱ्याच्या वाटेवर गाडी नाल्यात बसली आणि आवाजाची पेटी भिजली. दुरुस्तीला गेली ती गेलीच. आम्ही पत्रं पाठवत राहिलो आणि मुके सिनेमे दाखवत राहिलो. मी कर्ण्यातून बोलायचो, पण माणूस किती बोलणार? मी थांबलो की पडद्यावर नुसतीच माणसं तोंडं हलवत. लोक आपापसांत गप्पा मारू लागत, विड्या पेटवत.

एका संध्याकाळी पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि मागून पावसाचा आवाज आला. मी दचकून वर पाहिलं. आभाळात चांदण्या होत्या. पडद्यामागे गेलो तर भाऊ मांडी घालून बसलेले, हातात सूप, सुपात दोन मुठी धान. सूप तिरकं करून ते इतकं हळू फिरवत होते की एकेक दाणा वेगळा घरंगळत होता.

"हे काय करताय?"

"बांधीतला पाऊस," ते म्हणाले. बांधी म्हणजे धानाचं खाचर. "तू जाय ना बाबू, तिकडं बोल. मी पाडून राह्यलो."

ते सावली गावाकडचे. तरुणपणी एका दंडारीच्या मंडळीत पडद्यामागे बसायचे. गावातली माणसं सोंगं घेऊन रात्रभर खेळ करतात त्याला दंडार म्हणतात. घोडा आला, वीज पडली, पोर रडलं, ते सगळं भाऊ करायचे. मंडळी मोडली, भाऊ गाडीवर लागले. तेव्हा पन्नाशीला आले असतील. अंगाने काटकुळे, कानांत केसांचे झुपके, आणि चालताना पायाचा आवाज म्हणून नाही. अनवाणीच असत. सायकलची घंटी त्यांनी स्वतः काढून टाकली होती. जेवताना त्यांच्या ताटाचासुद्धा आवाज होत नसे. ड्रायव्हर म्हणायचा, "भाऊ, तुमी जेवले का नाई, हे तुमच्या पोटाले बी समजत नसन."

आवाज करायच्या वस्तू ते जवळ बाळगत नसत. गाडीत त्यांचं स्वतःचं एकच मडकं होतं, त्याचं पुढे येईल. बाकी सगळं ज्या गावात खेळ त्याच गावातून उसनं घ्यायचे. गाडी गावात शिरली की आम्ही पाटलाकडे चहाला आणि भाऊ घरोघर. दारात उभे राहून मडकी टिचकीने वाजवून पाहायचे, गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या, तोंडाशी कान लावायचे, झाडू हातावर फिरवायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलेलं मला आठवतं, "भाऊ, पोरगी पाहाले आले का गुंड पाहाले?"

"पोरगी बोलते तं खोटं बी बोलते, बाई. गुंड खोटं नाई बोलत."

"मंग माह्या नवऱ्याले वाजवून पाहा ना जरा."

"त्याले तुमीच वाजवता म्हनते, आईकू येते गावभर."

मी एकदा विचारलं, दोन पेट्या भरून सामान कायमचं का ठेवत नाही? ते म्हणाले, "परक्या सुपाचा पाऊस परकाच आईकू येते." मला हा वेडगळपणा वाटला. पण लोक खेळाला लवकर येऊ लागले. पडद्यावर काय आहे यापेक्षा आपली वस्तू आज काय होणार याचंच त्यांना जास्त कुतूहल. बेलाच्या फळाच्या दोन वाट्या दगडावर आपटल्या की घोडा. शिंदीचे दोन फडे, म्हणजे झाडू, सुपावर घासले की आगगाडी, आणि तिची शिटी पाण्याच्या गुंडाच्या तोंडावर फुंकून. त्या भागात कित्येकांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. एक म्हातारबा खेळ संपल्यावर काळजीने म्हणाला, "भाऊ, त्या गाडीले दमा हाये का?"

सकाळी वस्तू परत करायचे तो सोहळा वेगळाच. प्रत्येक दारात उभं राहून वस्तू दोन्ही हातांनी द्यायची आणि ती काय झाली ते सांगायचं. "बाई, तुमचा गुंड काल आगगाडीची शिटी झाला." "मंग आता पानी भराले टेसनावर जाऊ का?" असं काहीतरी उत्तर यायचं, घर हसायचं, आणि भाऊ पुढच्या दारी जायचे. काय झालं ते सांगितल्याशिवाय वस्तू परत केली असं ते मानतच नसत. एकदा गाडी पहाटे निघाली आणि एका घरी बेलाच्या वाट्या नुसत्याच ओट्यावर ठेवून यावं लागलं. तीन आठवड्यांनी त्या गावावरून जाताना त्यांनी गाडी थांबवली, उतरून गेले, "तो घोडा होता" एवढं सांगून आले.

आमच्या वादाचे प्रसंगही झाले. एका सिनेमात एक मंत्री भाषण करत होते, बराच वेळ, तोंड हलतंय आणि आवाज नाही. भाऊंनी चुलीवर डाळ ठेवलेलं पातेलं मागवलं आणि झाकण थोडं सरकवून धरलं. खदखद, खदखद. लोक लोळले. मी पडद्यामागे जाऊन रागावलो. भाऊ खरोखर गोंधळले. "मी त्याहीची थट्टा नाई केली, बाबू. मी लय मागं बसून भाषन आईकले हायेत. मागं असंच आईकू येते."

दुसऱ्यांदा मी म्हणालो की पडद्यावरचा पाऊस पंजाबातल्या गव्हावर पडतोय, तुम्ही झाडीचा पाऊस कसा काय पाडता. ते म्हणाले, "गहू त्याहीचा असंन. आईकनारे तं इथले ना."

ते मला बाबू म्हणत आणि अरे-तुरे करत. मला ते आवडायचं नाही. पण माझ्या पायाला जळवा लागल्या तेव्हा रात्रभर तंबाखूचं पाणी लावत बसले तेही तेच. नागपूरहून आईचं पत्र आलं की मी ते दोनदा वाचतो हे त्यांनी कागदाच्या आवाजावरून ओळखलं होतं.

आता वाघ.

आमच्याकडे जंगलावरचा एक सिनेमा होता. त्यात शेवटी वाघ येतो, नाला ओलांडतो, क्षणभर आपल्याकडे पाहतो आणि जातो. भाऊ त्याआधी सगळं जंगल उभं करायचे. टोपल्यात सागाची वाळलेली पानं दाबून चितळाची पावलं. तोंडाने मोर. मग वानराचं खकरणं, आधी एकदा, मग तीनदा लागोपाठ. पळसाच्या पानाच्या पिपाणीवर टिटवी. आणि पडद्यावर वाघाचं डोकं गवतातून बाहेर आलं की भाऊ सगळं खाली ठेवायचे. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. वाघ पडद्यावर असेपर्यंत एकही आवाज नाही. हजार माणसं बसलेली असली तरी खोकला ऐकू येत नसे. गावाबाहेरच्या खऱ्या जंगलातला एखादा पक्षी तेवढा बोलायचा आणि लोक अंग चोरून एकमेकांना चिकटायचे. वाघ गेला की भाऊ एकच सुकं पान चुरगाळायचे, आणि गावाने सोडलेला श्वास ऐकू यायचा.

मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "मी आईकला हाये. एक डाव, जवळून. ज्यानं आईकला तो त्याची नक्कल नाई करत."

आणि ते मडकं. त्याच्या तोंडावर बकरीचं कातडं ताणलेलं, मधल्या भोकातून घोड्याच्या केसांची दोरी ओवलेली. बोटांना राळ लावून दोरी आखूड आखूड ओढली की ट्रॅक्टर. शेतीच्या सिनेमात ते लागायचं. मी हौसेने ओढायला शिकलो होतो. पहिल्याच दिवशी भाऊंनी बजावलं होतं, "आखूडच ओढजो. लांब ओढला तं ते दुसरंच बोलते." ते दुसरं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला समजलं होतं.

त्या हिवाळ्यात गडचिरोलीला विश्रामगृहाच्या अंगणात वरच्या साहेबांसाठी खेळ झाला. खेळ आवडला. फक्त जाताना साहेब मला म्हणाले, "वाघाच्या वेळी तुमचा माणूस झोपला होता काय? इतकं छान चाललेलं आणि वाघ मुका." पाहुण्यांपैकी कोणी हसलं. मग साहेब म्हणाले, परवा आम्ही पुढच्या गावाला येतोय, तिथे वाघ बोलू द्या. आणि जाता जाता, नागपूरला ऑफिसात माणूस हवा आहे, असं काहीसं.

मला नागपूरला जायचं होतं. त्या जंगलाचा मला कंटाळा आला होता. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही.

त्या पुढच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गावात शिरतानाच वाटेवर शेंदूर लावलेला नवा दगड होता. मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका माणसाला वाघाने नेलं होतं. जिथे नेलं तिथे वाघदेव मांडलेला. भाऊ चप्पल नसलेले पाय उगाच पुसून त्याला हात जोडून आले.

त्या माणसाची बायको तिशीच्या आतली असेल. पाचसहा वर्षांची एक मुलगी. मोहफुलांपासून ती घराबाहेर निघाली नाही, असं पाटलाच्या घरी कोणी तरी म्हणालं. भाऊ चहा अर्धा ठेवून उठले आणि मलाही यायला सांगितलं, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

ती दारात आली नाही. आतूनच बोलली. "कोन होय?"

"सिनेमावाला. बाई, तुमचं सूप पाह्यजे होतं."

"माह्या घरचं कोनी नेत नाई, भाऊ. दुसऱ्याकडं पाहा."

"पाह्यले सगळ्याहीचे. नवे हायेत, करकरते. पावसाले तुमच्यासारखं जुनं लागते."

मग मुलगी सूप घेऊन बाहेर आली. पाठोपाठ आई उंबऱ्यापर्यंत आली. "त्यात जनावर हाये म्हनते," ती म्हणाली. वाघाचं नाव तिने घेतलं नाही.

"हाये. पन बोलत नाई तो. शेवटाले येते, नाला पार करते आन् जाते."

"बोलत नाई?"

"माह्या हातात हाये ते. शब्द देतो."

तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "सूप आईकाले येईन मंग," ती म्हणाली.

परत येताना मी भाऊंना साहेबांचं म्हणणं सांगितलं. म्हणालो, एक डरकाळी, एवढीशी. ते थांबले. "आत्ताच तं आईकलं तू."

"साहेबांना काय सांगू?"

"सांग का भाऊले येत नाई."

"येत नाही असं कोण मानेल? मडकं आहे की."

"मडकं ट्रॅक्टर होय," भाऊ म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दिवस मावळला तेव्हा पडदा लागला. साहेब आणि पाहुणे खुर्च्यांवर, गाव जमिनीवर. शेजारच्या गावांतून बैलगाड्या आलेल्या, बैल मागे बांधलेले. ती बाई मुलीला घेऊन आली आणि बायांच्या कडेला बसली. आधी शेतीचा सिनेमा झाला. पावसाच्या वेळी मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. डोळे मिटून ऐकत होती, आणि मुलगी तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. आई हसली. भाऊंना मागून ते दिसलं नाही. मला दिसलं. हे मी कोणालाही आजवर सांगितलेलं नाही.

मग जंगलाचा सिनेमा. चितळ झालं, मोर झाला, वानर खकरलं. गवत हललं. भाऊंनी सगळं खाली ठेवलं असणार, कारण शांतता झाली. खुर्च्यांवरून साहेबांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. मी कर्णा खाली ठेवला आणि पडद्याच्या कडेने मागे गेलो. भाऊ नेहमीसारखे बसलेले, डोळे मिटलेले. मडकं त्यांच्या डाव्या बाजूला. मी गुडघ्यावर बसलो, दोरी धरली आणि लांब ओढली.

तो आवाज मी वर्णन करणार नाही. भाऊंचा हात लगेच माझ्या मुठीवर आला, पण तोवर ओढून झालं होतं.

लोक उठले. ओरडलं कोणी नाही, हे मला अजून विचित्र वाटतं. नुसती पावलं आणि पडणं. बैल सुटले, एक गाडी उलटली, तिच्याखाली एका म्हाताऱ्याचा पाय आला. पडद्याचा एक बांबू मोडला आणि पडदा आमच्या अंगावर आला. त्यातून बाहेर निघालो तेव्हा मैदान रिकामं होतं. ती बाई तेवढी जागेवर होती. मुलीला मांडीत दाबून तिने दोन्ही हातांनी तिचे कान झाकले होते. स्वतःचे नाही. भाऊ तिच्या दिशेने दोन पावलं गेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मुलीला उचललं आणि गेली.

साहेबांनी गाडी ताबडतोब काढायला लावली. म्हाताऱ्याला घालून आम्ही गडचिरोलीच्या दवाखान्यात आलो. उसनं आणलेलं सगळं सामान गाडीतच राहिलं.

चौकशी झाली. मी लेखी निवेदन दिलं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. आवाज काढण्याचे काम मदतनिसाकडे असते. सदर मडके मदतनिसाच्या मालकीचे आहे. सदर मडक्यातून वाघासारखा आवाज निघतो. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी तेव्हा स्वतःला असंच समजावलं.

भाऊंना आत बोलावलं तेव्हा मी टेबलाशेजारी उभा होतो. साहेबांनी विचारलं, "मडकं तुझंच?"

"माहाच."

"आवाज त्याचाच?"

"त्याचाच."

दोरी कोणी ओढली, हे साहेबांनी विचारलं नाही. वाघ बोलू द्या असं आपणच म्हणालो होतो, हे त्यांना आठवत असावं. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं मडकं काय बोलतं आहे हे ऐकताना ते जसं पाहत, तसं.

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "राहू दे बाबू. तुह्यं नवं नवं हाये. मी जातो गावाले, धान पडून हाये." मग ते गाडीत चढले, उसन्या वस्तू एकेक करून माझ्यासमोर मांडल्या आणि कोणती कोणाची, काय झाली, ते सांगितलं. टोपलं पाटलाकडचं, चितळ झालं. फडा कोतवालाच्या घरचा, गवत झालं. सूप त्यांनी सर्वांत शेवटी घेतलं. त्यात चारदोन दाणे अडकले होते, तेही काढले नाहीत.

"हे तू सोता देजो. सांगजो का पाऊस तुमच्याच सुपाचा होता. आन्..." त्यांनी सूप माझ्या हातात दिलं. "हापिसात काय सांगाचं ते सांग. गावाले काय वाटाचं ते वाटो. त्या बाईले तेवढं सांगजो, का भाऊनं शब्द मोडला नाई. दुसरं काई नाई मांगत तुले."

मी म्हणालो, "सांगतो."

मी गेलो नाही. सूप सोडून बाकीच्या वस्तू एका वनरक्षकाबरोबर पाठवल्या, कोणती काय झाली ते न सांगता. सूप स्वतः द्यायचं म्हणून ठेवलं, आणि ते माझ्याबरोबर नागपूरला आलं. होय, नागपूरची जागा मला मिळाली. लग्नानंतर बायकोने एकदा ते तांदूळ पाखडायला काढलं, तर मी इतका ओरडलो की ती बिचारी घाबरली. "कोणाचं आहे?" तिने विचारलं. मी म्हणालो, एका बाईंचं, परत करायचंय. "मग करा ना परत," ती म्हणाली. मरेपर्यंत दर दिवाळीला ते खाली काढून पुसताना ती हेच म्हणायची. नंतर नंतर फक्त माझ्याकडे बघायची.

त्या गावावरून मी दोनदा गेलो. एकदा जीपने, एकदा बसने. बस थांबलीसुद्धा. मी वर्तमानपत्र उघडलं.

भाऊंना मी आणखी एकदाच भेटलो, आठ-नऊ वर्षांनी. सावलीला काही कामाने गेलो होतो, तिथून चौकशी करत त्यांच्या गावी गेलो. खरं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. ते बांधीच्या कडेला राखणीच्या माच्यावर बसलेले. धानावर पाखरं उतरली की तोंडाने ससाण्याचा आवाज काढायचे आणि थवा उठायचा. केस पांढरे झालेले, उजवा कान गेलेला. मला पाहून उतरले. पोरांची नावं विचारली, आईबद्दल विचारलं. आजूबाजूची माणसं त्यांना वाघवाले भाऊ म्हणत होती, माझ्यासमोर. ते ओ देत होते.

निघताना त्यांनी विचारलं, "त्या बाईचं सूप पोचवलं का, बाबू?"

मी म्हणालो, "पोचवलं."

"सांगतलं?"

"सांगितलं."

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. "काय म्हनली?"

मी म्हणालो, "म्हणाली, मला माहीत होतं. भाऊ शब्द मोडणार नाहीत."

भाऊंनी मान हलवली. हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. "मंग झालं," ते म्हणाले. "बाकीचे काई बी म्हनो."

कागदाच्या आवाजावरून माझी दोनदा वाचलेली पत्रं ओळखणारा माणूस. माझा आवाज त्यांना कसा ऐकू आला असेल, हा विचार मी गेली कित्येक वर्षं करतो आहे. त्यांनी विश्वास ठेवला की मला सोडून दिलं, हे मला कळलेलं नाही, आणि आता कळायचा मार्ग नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

ती बाईही आता नसणार. पण ती मुलगी असेल. सत्तरीच्या पुढे गेली असेल. प्राध्यापकाने चौकशी केली. गावातच आहे म्हणतो, नातवंडं आहेत. मला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून सूप त्याच्याकडे दिलं आहे. काठ उसवले आहेत, पण बांबू शाबूत आहे. हा कागद तिला आणि गावाला वाचून दाखवायचं त्याने कबूल केलं आहे. भाऊ करत तसं मी आता शेवटी करतो. त्यांच्यासारखं दारात उभं राहून करायला हवं होतं.

पाटलाचं टोपलं चितळ झालं. कोतवालाच्या घरचा फडा गवत झाला. बाई, तुमच्या आईचं सूप पाऊस झालं, आणि तो ऐकताना तुमची आई हसली होती. तुम्ही तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता. भाऊंचं मडकं वाघ झालं. दोरी मी ओढली. भाऊंचे हात तेव्हा गुडघ्यांवर होते.